पाठमोऱ्याचा चेहरा

१

थोरलीने स्वयंपाकघरातलं टेबल बळकावलं की आई समजायची, मेळावा जवळ आला. मग जेवणाची ताटं मांडीवर यायची, चहाच्या कपात फोमचा भुगा सापडायचा आणि गोंदाच्या वासाने सगळ्यांची डोकी धरायची. लोकांच्या मुली पडदे शिवतात, आमची चिलखतं शिवते, असं आई शेजारणीला सांगायची. सूर तक्रारीचा असायचा, पण सांगायची मात्र दरवेळी.

दिवसभर थोरली एका विमा कंपनीत फोनवर लोकांची समजूत घालायची. उरलेला सगळा जीव ती कॉस्प्लेत ओतायची. कॉमिकमधलं एखादं पात्र निवडायचं, त्याचा वेश टोपीपासून बुटापर्यंत आपल्या हाताने करायचा आणि कॉमिक मेळाव्यात दिवसभर ते पात्र होऊन वावरायचं. बाकी जग याला पोरखेळ म्हणायचं. थोरली म्हणायची, ऑफिसात आपण सगळे जे घालून बसतो तो वेश नाही तर काय आहे?

यंदाचं पात्र मात्र कुठल्या दुकानात मिळणाऱ्या पुस्तकातलं नव्हतं. ते पलीकडच्या खोलीतलं होतं. धाकट्याने काढलेलं.

धाकटा वर्षभर त्या खोलीतच होता. नोकरी सुटली की त्याने सोडली, हे कधी नीट कळलंच नाही. आधी मित्र सुटले, मग बाहेर जाणं, मग बोलणं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. आईने लाड करून पाहिले, रडून पाहिलं. तो आपला भिंतीला लावलेल्या टेबलाशी बसायचा, दाराकडे पाठ करून, आणि काढत राहायचा.

कॉमिकचं नाव ‘पाठमोरा’. एक शहर, आणि त्या शहरात रस्त्याच्या टोकाशी उभा असलेला एक माणूस. लांब राखाडी कोट, टोपी, उभी कॉलर, आणि कायम आपल्याकडे पाठ. शहरातली माणसं येतात, त्याच्या पाठीमागे उभी राहून मनातलं बोलतात आणि हलकी होऊन जातात. तो वळत नाही, उत्तर देत नाही. एवढंच. थोरलीने ती पानं पहिल्यांदा चोरून वाचली तेव्हा शेवटच्या पानावरून ती लगेच पुन्हा पहिल्यावर आली होती. असलं काही बंद खोलीत पडून राहावं आणि दुकानांच्या काचांतून रद्दी मिरवावी, हे तिला सहन व्हायचं नाही. तिला मुळात वाट बघणंच सहन व्हायचं नाही. डॉक्टर म्हणायचे, त्याच्या कलाने घ्या. थोरली म्हणायची, कलाने घेता घेता माणूस हातचा जाईल.

म्हणून तिने त्या पानांच्या प्रती काढून आणल्या, मेळाव्यात एक टेबल मागून घेतलं आणि ती हात धुऊन धाकट्याच्या मागे लागली. तू टेबलामागे बस, मी पाठमोरा होऊन हिंडते, लोक आपोआप येतील. बरेच दिवस तो मूग गिळून बसला. मग एका सकाळी, भिंतीकडे बघतच, म्हणाला, "येतो."

आईने नळ मोठा सोडला आणि त्याच्या आवाजाआड रडून घेतलं.

२

वेश करायला बसताना पात्राची चित्रं समोर भिंतीवर लावायची, ही कॉस्प्ले करणाऱ्यांची जुनी रीत. पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी. जिथे चित्र नसेल तिथे आपल्या मनाने भरायचं, पण मोकळी जागा सोडायची नाही. थोरलीच्या भिंतीवर या वेळी नुसत्या पाठी लागल्या होत्या. कोट झाला, टोपी झाली. घोडं अडलं ते पुढच्या बाजूला.

तिच्या कॉस्प्लेच्या गटात गोंद्या नावाचा एक होता. बोटं कायम गोंदाने माखलेली, म्हणून गोंद्या. तो म्हणाला, चेहऱ्यावर काळं कापड लाव आणि मोकळी हो. थोरलीला ते पटलं नाही. कापड लावणं म्हणजे हात टेकणं, आणि हात टेकणाऱ्या माणसांचा तिला मनापासून राग होता. तिने सरळ धाकट्यालाच विचारलं, याचा चेहरा कसा आहे? तो म्हणाला, चेहरा नाही. मग म्हणाला, "म्हणजे, अजून मिळालेला नाही."

चित्रकार माणसं असंच बोलतात, असं म्हणून थोरलीने ते सोडून दिलं.

मुखवट्यासाठी साचा लागतो. मुखवट्याच्या आत आपलं डोकं मावायला हवं, म्हणून साचा आपल्याहून जरा मोठ्या चेहऱ्याचा घ्यायचा. घरात तसा चेहरा एकच होता. मापासाठी हवाय, असं सांगून तिने धाकट्याला खुर्चीत बसवलं, त्याच्या भुवयांना आणि पापण्यांना व्हॅसलीन फासलं आणि मोडलेल्या हाताला बांधतात तसल्या प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या एकेक करून चेहऱ्यावर बसवल्या. नाकपुड्या तेवढ्या मोकळ्या ठेवल्या. तो शहाण्या मुलासारखा डोळे मिटून बसून राहिला. कितीतरी महिन्यांत तिने त्याला हात लावला नव्हता. पट्ट्यांखाली हळूहळू त्याचा चेहरा दिसेनासा झाला आणि नुसता श्वास ऐकू येत राहिला. तिला एकदम भरून आलं.

आणि तेव्हाच तिला ते सुचलं. माप कशाला? हाच चेहरा द्यायचा. दुसऱ्यांचं मुकाट्याने ऐकून घेणारा, पाठ करून उभा असलेला तो माणूस दुसरा कोण असणार? मेळाव्यात त्याला अचानक दाखवायचा. आपला चेहरा लोकांना आवडतोय, हे त्याने डोळ्यांनी बघायला हवं.

साचा सुटला तो अख्खा एकदम, ‘पच्’ असा आवाज करून. धाकट्याने चेहरा धुतला आणि बराच वेळ टॉवेलात धरून ठेवला. थोरलीने साच्यात कागदाचे थर भरले, वाळल्यावर काढले, राखाडी रंग दिला आणि मिटलेल्या पापण्यांत बारीक फटी कापल्या. कान केले नाहीत. साचा कानाच्या अलीकडेच संपत होता आणि टोपी-कॉलरमध्ये ते तसेही झाकले जाणार होते.

३

मेळावा एका बंदिस्त क्रीडासभागृहात होता. जमिनीवर खेळाच्या पट्ट्या रंगवलेल्या, त्यांच्यावरच टेबलांच्या रांगा, वर पत्र्याच्या छपराला घुमणारा कलकलाट. एका कोपऱ्यात पंख लावलेली एक बाई दारातून आडवी आत यायचा प्रयत्न करत होती आणि कोणीतरी तिला मागून ढकलत होतं. धाकट्याला त्या गोंधळात बसवताना थोरलीचा जीव खालीवर होत होता. पण तो बसला. प्रती सरळ केल्या, पाण्याची बाटली पायाशी ठेवली, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे तोंड करून बसून राहिला. वर्षभर ज्याची नुसती पाठ बघितली तो माणूस जगाकडे तोंड करून बसलाय, यातच थोरलीला सगळं पावलं.

ती कपडे बदलायच्या खोलीत गेली. कोट, टोपी, आणि शेवटी मुखवटा. आत गोंदाचा, रंगाचा आणि आपल्याच श्वासाचा वास. फटींतून समोरचं तेवढं दिसायचं, बाजूचं नाही. मग ती थेट धाकट्याच्या टेबलासमोर येऊन उभी राहिली.

त्याने वर पाहिलं. खूप वेळ पाहिलं.

"ताई, हा कुणाचा चेहरा आहे?"

"कुणाचा म्हणजे? तुझाच की, वेड्या."

धाकट्याने आपल्या गालाला हात लावून पाहिला. खिशात पाकीट आहे ना ते चाचपतात, तसा.

"मग मी काय घालू?" त्याने विचारलं.

थोरली मुखवट्याच्या आत खदखदून हसली. वर्षभरात त्याने केलेला तो पहिला विनोद होता. तिने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि गर्दीत निघाली. तिचे पाय जमिनीवर नव्हते.

४

मेळाव्याचा एक ठरलेला फोटोवाला होता. अंगभर खिशांचा कोट घातलेला, निवृत्त झालेला गृहस्थ. हौसेने सगळ्यांचे फोटो काढायचा आणि नंतर ज्याचे त्याला मोबाइलवर पाठवायचा. थोरली त्याच्यापुढे उभी राहिली. त्याने कॅमेरा डोळ्याला लावला, काढला, पुन्हा लावला.

"एक समोरून द्या ना," तो म्हणाला.

थोरली समोरच उभी होती. हा आपल्या पात्राची गंमत करतोय असं वाटून तिने नुसती मान हलवली. त्याने फोटो काढला, आभार मानले आणि कॅमेऱ्याचा पडदा तिच्यापुढे धरला. फोटोत राखाडी कोटाची पाठ होती. पाठीमागची शिवण, टोपीची मागची कड, कॉलर. सुंदर आला होता.

हा आधी कधीतरी मागून काढला असणार, असं तिने मनाशी ठरवलं. बटण दाबायला उशीर झाला असेल, आपण वळलो असू. मुखवट्यात दिशेचा तसाही पत्ता लागत नाही. गोंद्या तिथेच होता, त्यालाही तिने हसत हसत ते सांगितलं. गोंद्या म्हणाला, तुझ्या पाठीचंच काम चांगलं झालंय, तो तरी काय करेल.

पुढे आणखी कोणी कोणी फोटो मागितले. मोबाइल उंचावायचे, आणि मग तोच लाघवी आवाज. जरा वळता का? एकदा ती खरंच वळली, गर्दीकडे पाठ करून उभी राहिली. तरी मागून तोच आवाज आला, आणि त्यात आता थोडी अजिजी होती. इकडे वळा ना.

५

दुपारपर्यंत कॉमिकची चर्चा झाली. धाकट्याच्या टेबलाशी माणसं थांबायला लागली. थोरली लांबून बघत होती. तो बोलत होता. हात हलवून काहीतरी समजावत होता. एक कॉलेजातला घोळका तर तिथे ठाणच मांडून बसला. थोरलीला वाटलं, आत्ता इथेच मुखवटा काढावा आणि डॉक्टरांना फोन लावून सांगावं की बघा, कलाने कसं घ्यायचं असतं.

तेवढ्यात एक बाई तिच्यापाशी आली. चाळिशीच्या पुढची, खांद्याला ऑफिसची पर्स, हातात नुकतीच घेतलेली ‘पाठमोरा’ची प्रत. ती थोरलीच्या अगदी समोर उभी राहिली, वीतभर अंतरावर, आणि हळू आवाजात बोलायला लागली. घरी हल्ली ती सगळ्यांची जेवणं झाल्यावर जेवते. कोणी सांगितलं म्हणून नाही. सगळे टेबलाशी बसले की तिला वाटतं, आपण गेलो तर बोलणं थांबेल. एकदा ती मुद्दाम गेली, आणि थांबलं.

बोलताना तिची नजर थोरलीच्या छातीवर होती, जराशी वर सरकून पुन्हा खाली यायची. समोर पाठ असली की माणूस जसं बघतो, तसं. थोरलीला गलबलून आलं. पात्राने बोलायचं नसतं हे विसरून ती म्हणाली, "अहो, ते तुमच्या मनाचे खेळ असतील."

बाई दचकली. आणि आवाज कुठून आला ते बघायला थोरलीला वळसा घालून मागच्या बाजूला गेली. तिथे उभी राहून तिने थोरलीच्या टोपीच्या मागच्या कडेकडे, चेहऱ्याकडे बघावं तसं, निरखून पाहिलं. मग कसनुसं हसली आणि घाईघाईने निघून गेली.

थोरलीने टोपी मागून खाली ओढली. तिने टेबलाकडे पाहिलं. धाकटा तिथेच होता, फक्त आता तिरका बसला होता. त्याचा एकच गाल दिसत होता.

६

फोटोवाला पुन्हा भेटला. या वेळी तो खूश होता. थोडं जमलं म्हणाला. पडद्यावर कोट, कॉलर, टोपी, आणि टोपीखालून डोकावणारा एक कान. जरासा बाहेर आलेला.

थोरलीने कान केले नव्हते, आणि तिचे स्वतःचे टोपीत दाबून बसवलेले होते.

ती तडक कपडे बदलायच्या खोलीत गेली. मुखवटा सहज निघाला. तो उलटासुलटा करून पाहिला. कागद, रंग, मागचा पट्टा. कडा जिथे संपायला हव्या तिथेच संपत होत्या. आपले केस टोपीबाहेर आले असतील आणि सावली पडली असेल. कॅमेरे हल्ली आपल्याच मनाने चित्र सुधारतात, असंही तिने कुठेतरी वाचलं होतं. कारणं तिला पटापट सुचत होती. ऑफिसात दिवसभर ती लोकांना कारणंच सांगायची, आणि फोनच्या पलीकडचा माणूस तिच्यावर विश्वास ठेवत नाहीये हे तिला दरवेळी कळायचं. आता कारणं सांगणारीही तीच होती आणि विश्वास न ठेवणारीही तीच.

ती मुखवटा लावून बाहेर आली, आणि मुद्दाम, खात्री करून घ्यायला, फोटोवाल्यापुढे उभी राहिली. या वेळी गालाचं हाड आलं. नाकाचा शेंडा आला. कोणीतरी हाक मारल्यावर वळायला लागावं, तसा तो माणूस वळत होता.

तिने धाकट्याच्या टेबलाकडे पाहिलं. तिला त्याची मान दिसली. मानेवरचे वाढलेले केस, शर्टाची वर गेलेली कॉलर. खुर्ची जागची हलली नव्हती. समोरचा घोळका हसत होता, त्याच्याकडे बघत होता.

तिने गोंद्याला धरून विचारलं, हा असा भिंतीकडे तोंड करून का बसलाय? गोंद्याने तिकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. कोण भिंतीकडे? आपल्याकडेच तर बघतोय. बघ, हात करतोय तुला.

थोरलीला दिसलं ते एवढंच, की पाठमोऱ्या धाकट्याचा हात खांद्यावरून वर गेला आणि भिंतीच्या दिशेने हलला.

७

तिने मुखवटा काढला. कोट काढला, टोपी काढली. सगळं मोठ्या पिशवीत कोंबलं, तोंड करकचून बांधलं आणि पिशवी गोंद्याच्या हातात दिली. गाडीत नेऊन टाक म्हणाली. गोंद्याला काही कळेना. स्टेजवर वेशभूषा स्पर्धेची नावं पुकारणं सुरू होतं, संयोजक बाई माइकवर थोरलीला शोधत होत्या. गोंद्या म्हणाला, एवढी मेहनत केलीस, आणि आता कुठे पळतेस? ती म्हणाली, मला बरं वाटत नाहीये. ते खोटंही नव्हतं. गोंद्या डोकं खाजवत पिशवी घेऊन गेला. तो दारातून बाहेर पडेपर्यंत ती बघत राहिली. मगच तिने श्वास सोडला.

ती धाकट्याकडे निघाली तेव्हा फोटोवाला वाटेत आडवा आला. साध्या कपड्यांतल्या थोरलीला त्याने ओळखलं नाही. त्याला कोणाला तरी दाखवायचंच होतं, आणि ती पुढ्यात होती.

"शेवटी वळला बघा," तो म्हणाला. "दिवसभर हातापाया पडलो तेव्हा कुठे. आत्ता, याच मिनिटाला काढलाय."

फोटोत धाकट्याचं टेबल होतं. टेबलामागे, खुर्चीच्या शेजारी, राखाडी कोटातला माणूस उभा होता. समोरून.

थोरलीला तो चेहरा ओळखायला वेळ लागला नाही. पण तो राखाडी नव्हता. पापण्या मिटलेल्या होत्या, त्यांत कुठे फट नव्हती, आणि भुवयांवर व्हॅसलीनची चमक होती. ओठ जरासे सुटलेले. प्लास्टर वाळेपर्यंत कोणीतरी मुकाट बसून राहावं, तसा.

"हा काहीच नाही," फोटोवाला उत्साहाने म्हणाला. "याच्या पुढचा बघा. डोळे काय आलेत."

त्याचं बोट पडद्यावर सरकायच्या आत थोरलीने पडद्यावर तळहात ठेवला. तिच्या हाताखाली पडदा कोमट होता. ती तशीच उभी राहिली. फोटोवाला आधी हसला, मग ओशाळला, मग त्याने हळूच कॅमेरा काढून घेतला आणि तिच्याकडे विचित्र नजरेने बघत दूर झाला.

८

टेबलामागे कोणीही उभं नव्हतं. खुर्चीत धाकटा होता, तिच्याकडे पाठ करून.

प्रती संपल्या होत्या. घोळका पांगला होता. तिने त्याला हाक मारली. तो लगेच बोलला, मोकळ्या, भरल्या आवाजात. ताई, सगळं खपलं गं. एकजण तर म्हणाला पुढचा भाग कधी. तू म्हणत होतीस ते खरं होतं. ती हेच ऐकायला आली होती, यासाठीच तिने वर्ष काढलं होतं. पण तो आवाज पाठीच्या पलीकडून येत होता.

ती टेबलाला वळसा घालून पलीकडे गेली. पलीकडेही पाठ होती.

ती पुन्हा अलीकडे आली. मान, केस, कॉलर. तिने त्याचा खांदा धरून त्याला फिरवलं. तो फिरला, खुर्ची करकरली, आणि तिच्यासमोर पुन्हा त्याची मान आली. शेवटी तिने डोळे मिटून घेतले आणि दोन्ही हातांनी त्याचं डोकं धरलं. आंधळा माणूस चाचपतो तसं कपाळ, नाक, हनुवटी शोधली. बोटांना केस लागत राहिले. जिथे जिथे हात नेला तिथे केस, आणि त्यांच्याखाली टणक, गोल कवटी.

"ताई, काय करतेस," धाकटा हसत म्हणाला, अगदी तिच्या हातांजवळून. "लोक बघताहेत."

लोक खरंच बघत होते. सगळ्यांच्या तोंडावर कौतुक होतं. बहीणभावाचं प्रेम बघून माणसं हसतात, तसं.

९

घरी आल्यावर आईने धाकट्याचा चेहरा दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाली, किती दिवसांनी हसलास रे बाळा. थोरली दारातच उभी होती. तिला आईचे हात दिसले, धाकट्याच्या डोक्याच्या पलीकडे गेलेले.

पिशवी तिने दुसऱ्या दिवशी उघडली. मुखवटा होता तसाच होता, कागदाचा. तिने तो जाळला, साचा फोडला, तुकडे वेगवेगळ्या कचराकुंड्यांत टाकले. काही फरक पडला नाही. मेळाव्याचे फोटो आले. तिने ते न उघडताच पुसून टाकले आणि फोटोवाल्याला कळवलं की पुन्हा पाठवू नका. गोंद्याला सांगायचा प्रयत्न केला. तो शांतपणे ऐकून म्हणाला, तू फार दमलीस यंदा. शेवटी ती धाकट्याच्याच डॉक्टरांकडे गेली. त्यांनी तिच्यासाठीही गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, भाऊ तर छान सावरलाय, आता तुम्ही स्वतःकडे बघा.

सावरला होता हे खरंच. धाकट्याला एका छापखान्यात काम लागलं. तो सकाळी शीळ घालत दाढी करायचा. संध्याकाळी जेवायला टेबलाशी बसायचा, दिवसभराच्या गमती सांगायचा, आई पोट धरून हसायची. खोलीचं दार उघडं असायचं. थोरलीने जे जे मागितलं होतं ते सगळं पदरात पडलं होतं. तिच्या वाट्याला मात्र समोरच्या खुर्चीतली मान यायची, आणि मानेवरचे केस. तो जेवायचा, आणि तिला फक्त त्याचे कान हलताना दिसायचे.

आधी ती धडपडली. अवचित पुढे जायची, खिडकीच्या काचेत बघायची, तो झोपला की उशाशी जाऊन उभी राहायची. मग तिने ते सोडलं. आवाज तरी आहे, असं ती स्वतःला समजावू लागली. आवाजाचा तरी माणूस आहे. त्याचा चेहरा कसा होता तेही तिला आता नीट आठवेना. आठवायला गेलं की मिटलेल्या पापण्या यायच्या, आणि त्या उघडतील या भीतीने ती आठवणं थांबवायची.

एका संध्याकाळी तिघं जेवायला बसली होती. धाकटा छापखान्यातलं काहीतरी सांगत होता, आणि सांगता सांगता गप्प झाला. थोरलीने मान वर करून त्याच्या पाठीकडे पाहिलं. त्याचे खांदे पडले होते.

"आई, ताईला सांग ना," तो म्हणाला. त्याचा आवाज लहानपणी व्हायचा तसा झाला होता. "मेळाव्यापासून बघतोय. मी बोलतो, आणि ही माझ्याकडे पाठ करून बसते. मी असं काय केलं?"

थोरली त्याच्याकडेच बघत होती. ती म्हणाली, अरे, मी तुझ्या समोर बसलेय. समोर. तिचा आवाज पोचला की नाही कोण जाणे. धाकट्याने पुढ्यातलं ताट बाजूला सारलं.

आईने हातातला चमचा खाली ठेवला. तीही इतके दिवस हे बघत असावी, कारण तिला नवल वाटलेलं दिसलं नाही. नुसतं वाईट वाटलेलं दिसलं. ती उठली, टेबलाला वळसा घालून थोरलीच्या खुर्चीच्या मागे आली आणि तिथे वाकली. थोरलीच्या मानेवर तिचा ऊबदार श्वास लागला.

"इतका कसला गं राग," आई म्हणाली. "बघ ना त्याच्याकडे. तुझ्यासाठी जीव टाकतो तो."

आणि तिने थोरलीच्या मागच्या केसांवरून, गालावरून फिरवावा तसा, हात फिरवला. मग अंगठ्याने तिथलं पाणी पुसावं तसं, हळूच काहीतरी पुसलं.